पाचजणांचं टेबल

एजंटाला जहाजात काडीचाही रस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जहाजावरून इतकी वादावादी होणार आहे की उगाच गैरसमज व्हायचा. समुद्राशी त्याचा संबंध एवढाच, की घराच्या खिडकीतून तो दिसत असेल तर भाडं चढवून सांगता येतं. चाळीस वर्षं त्यानं भाड्याची घरं दाखवली होती. कुणाच्या भिंतीला ओल, कुणाचं स्वयंपाकघर अंधारं, कुणाचा मालकच खवट. पण एजंटानं हातात घेतलेलं घर रिकामं राहिलं असं सहसा झालं नाही. गल्लीतली पोरंसोरंही त्याला 'एजंटकाका' म्हणायची. त्याचं खरं नाव बहुधा बायकोला तेवढं माहीत होतं, आणि ती दीड वर्षापूर्वी गेली.

तेव्हापासून तो ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवायचा. ताट घ्यायचं, बसायचं, उठून ताट धुवायचं, हे सगळं एका माणसासाठी म्हणजे फारच सोहळा वाटायचा. भात पातेल्यातच कालवला की झालं. मुलगी लांबच्या शहरात नोकरीला. तिचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "बाबा, जेवलात का नीट?" "अगं, एकदम भरपेट," हा म्हणायचा. गडी खोटं बोलण्यात मुरलेला होता, पण मुलगी शेवटी त्याचीच होती. तिनं ओळखलं आणि हट्टच धरला, बाबा, कुठेतरी फिरून या. चार माणसांत जा.

'चार माणसांत' हे शब्द मात्र एजंटाच्या मनात घर करून बसले. प्रवास कंपनीच्या ऑफिसात काउंटरवरच्या मुलीनं त्याच्यापुढे रंगीत पत्रकं पसरली. नवी जहाजं म्हणजे तरंगते बाजार. हवं तेव्हा जेवा, हवं तिथे बसा, वीस तऱ्हेचं खा. एजंट पत्रकं बाजूला सारत गेला. शेवटच्या पत्रकावर एक जुनं, जरासं बुटकं जहाज होतं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की संध्याकाळचं जेवण ठरवून दिलेल्या टेबलावर, सफरभर त्याच सहप्रवाशांबरोबर मिळेल.

"म्हणजे रोज तीच माणसं?" त्यानं विचारलं.

"हो काका, जुनी पद्धत आहे. आता कुणी ठेवत नाही. आणि जहाजही जुनंच आहे हं. लोकांची मतं फार वेगवेगळी आहेत, कुणी डोक्यावर घेतं, कुणी नावं ठेवतं."

"जहाजाचं जाऊ दे," एजंट म्हणाला. "टेबल केवढं असतं?"

मुलगी जरा गोंधळली. पण बुकिंग झालं.

टेबल निघालं पाचजणांचं. गोल, पांढऱ्या कापडाचं, जेवणाच्या हॉलच्या बरोब्बर मधोमध. एजंट पहिल्या संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. थोड्या वेळानं एक पन्नाशीचा गृहस्थ आला, सोबत बायको. गृहस्थाचं टाइल्सचं मोठं दुकान होतं, आणि हे त्यानं खुर्ची ओढता ओढताच सांगितलं. बायको बोलायला कमी, बघायला जास्त. मग दोघी बहिणी आल्या, दोघीही सत्तरीच्या आसपासच्या. मोठ्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि ते त्यांनी सांगायची गरज नव्हती, कारण त्या बसल्याबरोबर वेटरही ताठ उभा राहिला. धाकट्या बाई मोठ्या बाईंच्या वाक्यातला शेवटचा शब्द पुन्हा म्हणायच्या, जणू फळ्यावर लिहून घेतायत.

एजंटाचा जीव हरखून गेला. पाच ताटं, पाच पेले, आणि मीठ इकडे द्या, तिकडे द्या! किती दिवसांनी कुणी त्याच्याकडे मीठ मागत होतं.

सूप यायच्या आत टाइल्सवाल्यानं तोफ डागली.

"बाथरूम पाहिलंत का कुणी? टाइल्सच्या फटींत बुरशी आहे. काळी! नळ सोडला की आधी खोकतो, मग तांबडं पाणी थुंकतो. जिन्यावरचा गालिचा बघा, मधोमध पार सुतं निघालीत. आणि ते रात्रभर छतात काय खडखडतं देव जाणे. हे जहाज भंगारात काढायच्या लायकीचं आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा खाली करून त्याच्याकडे पाहिलं. "आम्ही आमच्या वडिलांबरोबर याच जहाजातून गेलो होतो. तेव्हा आम्ही तरुण होतो आणि हेही तरुण होतं. कठड्याचं लाकूड हात लावून पाहा. सगळ्या जहाजाला पायी फेरी मारता येते, अशी ऐसपैस डेक आता कुणी बांधत नाही."

"बांधत नाही," धाकट्या बाई म्हणाल्या.

"लाकडाला काय करायचंय? तोंड तर बाथरूममध्येच धुवायचं ना!"

"तुम्ही समुद्र पाहायला आलात की बाथरूम?"

"दोन्ही स्वच्छ असावं एवढंच म्हणणं आहे माझं."

तेवढ्यात सूप आलं आणि टेबलावर फक्त चमच्यांचे आवाज उरले. आणि त्या आवाजांच्या आडून टाइल्सवाल्याची बायको नवऱ्याला हळूच म्हणाली, "रोज असं व्हायचं असेल तर नकोच. उद्या टेबल बदलून मागू या का?"

एजंटाच्या हातातला चमचा तिथल्या तिथे थांबला. अजून सूपही संपलं नव्हतं आणि टेबल मोडायला निघालं होतं.

दोन माणसांची गाठ घालून देणं हा त्याचा धंदा, आणि त्या धंद्याची त्याची एक पद्धत होती. घरमालक आणि भाडेकरू यांना व्यवहार पक्का होईपर्यंत समोरासमोर बोलू द्यायचं नाही. मालकाला एकटं गाठून सांगायचं, मंडळी फार सज्जन आहेत, घर मनापासून आवडलंय, तोंडानं म्हणत नाहीत एवढंच. भाडेकरूला एकटं गाठून सांगायचं, मालक रंग काढून द्यायला तयार आहेत, स्वभाव तेवढा अबोल आहे. दोघंही थोडे थोडे मऊ पडतात आणि मऊ पडलेली माणसं हळूहळू तसंच वागायला लागतात. यात खोटं काही नाही, असं एजंटाचं प्रामाणिक मत. गोष्ट खरी व्हायच्या जरा आधी सांगितलेली असते, इतकंच.

तो दुसऱ्या दिवशी सकाळीच कामाला लागला.

टाइल्सवाला डेकवर होता, जीवरक्षक होड्यांखालच्या गंजाचे फोटो काढत. एजंट शेजारी जाऊन उभा राहिला. "अहो, माझ्या बाथरूमचीही तीच कथा," तो म्हणाला. वास्तविक त्यानं बाथरूमकडे धड पाहिलंही नव्हतं. "आणि एक सांगू का? त्या मोठ्या बाई. त्यांनाही सगळं दिसतं बरं का. मला म्हणाल्या, जहाजाची फार दैना झालीय. पण वडिलांची आठवण आहे ना, चारचौघांत कशा म्हणतील?"

टाइल्सवाल्यानं मोबाइल खिशात घातला. "असं म्हणाल्या? मग मी जरा जास्तच बोललो की काल."

"छे हो! मनाला लावून घेणाऱ्या नाहीत त्या. फक्त त्यांच्यासमोर विषय काढू नका, झालं."

दुपारी त्यानं वाचनालयात बहिणींना गाठलं. मोठ्या बाई खिडकीशी बसून एक जाडजूड पुस्तक वाचत होत्या आणि धाकट्या बाई त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या. "तुम्ही काल अगदी माझ्या मनातलं बोललात," एजंट म्हणाला. "या जहाजाला जीव आहे. आणि ते टाइल्सवाले, त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका. धंद्याची नजर हो! मला सकाळी काय म्हणाले सांगू? म्हणाले, काका, असं लाकूड आता पैसे मोजूनही मिळत नाही. कठड्यावरून हात फिरवत होते."

"खरंच?" मोठ्या बाईंनी पुस्तक मिटलं. "मग तसं सरळ म्हणायला काय झालं?"

"काय झालं?" धाकट्या बाई म्हणाल्या.

"पुरुषी ताठा," एजंट म्हणाला. "बायकोसमोर एकदा नावं ठेवली, आता माघार कशी घेणार? तुम्ही आपलं विषयच काढू नका."

त्या संध्याकाळी टाइल्सवाल्यानं मोठ्या बाईंसाठी खुर्ची मागे ओढली आणि मोठ्या बाईंनी टाइल्सवाल्याच्या बायकोला विचारलं, की झोप लागली का गं नीट. एजंटाचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या संध्याकाळी काय वर्णाव्यात! जहाजाचं नाव निघतंयसं दिसलं की एजंट मासा कसा भाजलाय इथपासून नातवंडांच्या शाळेपर्यंत कुठेही उडी मारायचा, त्याला नातवंडं नसली तरी. घरं दाखवतानाचे किस्से त्याच्याकडे पोतंभर होते. एका भाडेकरूनं घर पसंत करायला आई, मावशी, आत्या आणि आपला न्हावी आणला होता, आणि शेवटी न्हाव्यालाच घर आवडलं. हे ऐकून धाकट्या बाईंना ठसका लागेपर्यंत हसू आलं. टाइल्सवाल्यानं त्यांच्या पाठीवर थोपटलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "एजंटसाहेब, तुम्ही नसता तर आमचं टेबल मुकंच राहिलं असतं." हे वाक्य एजंटानं केबिनमध्ये जाऊन स्वतःशी दोनतीनदा म्हणून पाहिलं. जेवताना तो आता दोनदा वाढून घेऊ लागला. मुलीला तो फोनवर 'भरपेट' म्हणाला ते कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच खरं होतं.

दिवस मात्र कठीण जायचा. सकाळच्या नाश्त्याला कुठेही बसायची मुभा होती, म्हणजे एजंट एकटा बसायचा. मग डेकवर फेऱ्या. सगळीकडे जोडपी, मैत्रिणी, कुटुंबं, आणि जो तो जहाजाबद्दलच बोलत असायचा. या खुर्च्यांचे पट्टे तुटलेत, या खुर्च्या किती छान जुन्या घाटाच्या आहेत. कर्मचारी म्हातारे झालेत, कर्मचारी किती आपुलकीनं नावानं हाक मारतात. एकाच खुर्चीकडे, एकाच म्हाताऱ्या वेटरकडे बोट दाखवून माणसं दोन टोकांची बोलायची आणि एजंट जाता जाता दोन्हीकडे मान डोलवायचा. त्याला जहाज दिसतच नव्हतं. तो संध्याकाळची वाट बघत असायचा. चार वाजले की कपाटातला शर्ट काढून पलंगावर पसरून ठेवायचा, मग उगाच बूट पुसायचा. केबिनच्या छतात काहीतरी खडखडत असायचं, पण घरातल्या शांततेपेक्षा ते परवडलं.

टेबल टिकवायला रोज थोडं इंधन लागायचं. म्हणून सकाळी टाइल्सवाल्याला बाईंचं एखादं नवं वाक्य द्यावं लागे आणि दुपारी बाईंना टाइल्सवाल्याचं. बाईंनी म्हणे गालिच्याला पाय अडकून शिवी दिली. टाइल्सवाला म्हणे मावळतीच्या वेळी कठड्यापाशी अर्धा तास गप्प उभा होता आणि डोळे पुसत होता. आता हे जरा जास्तच झालं, हे कुणीही सांगेल. टाइल्सवाला रडणारा इसम नव्हता. पण एजंटाला आता वाक्यं बनवायची गोडी लागली होती, आणि त्या वाक्यांतले टाइल्सवाला आणि मोठ्या बाई खऱ्यांपेक्षा फार छान होते, एकमेकांना जीव लावणारे.

मग एके दुपारी जहाजाची वीज गेली.

तसं मोठं संकट नव्हतं. समुद्र शांत होता. पण दिवे गेले, पंखे गेले, थंड हवा गेली, संडासांचं पाणीही गेलं, आणि सगळे प्रवासी केबिनमधून उकडून बाहेर पडून डेकवर जमले. तिथे दोन तट पडले. एक तट म्हणत होता, हे जहाज पाण्यात सोडणाऱ्याला तुरुंगात टाका. दुसरा तट म्हणत होता, वयानं माणूस आजारी पडतो, जहाजाचंही तसंच, एवढं काय त्यात. लोक घसा ताणून भांडत होते. एजंट आपली चार माणसं शोधत गर्दीत फिरला आणि त्यांना एकमेकांना भेटू न देण्याच्या खटपटीत घामाघूम झाला. दिवेलागणीच्या आत वीज आली. जेवण वेळेवर लागलं. एजंटाला वाटलं, चला, निभावलं.

सूप झाल्यावर जेवणाच्या हॉलचा मॅनेजर टेबलाटेबलावर माफी मागत फिरू लागला. सडपातळ, थकलेला माणूस होता. पाचजणांच्या टेबलाशी येऊन त्यानं हात जोडले. "दुपारी आपल्याला फार त्रास झाला. जहाजातर्फे मी माफी मागतो. आपल्याला काही सांगायचं असेल तर मी वर कळवीन."

टाइल्सवाला उभाच राहिला. "सांगायचंय ना! लिहून घ्या. आमचं सगळं टेबल एकमतानं सांगतंय. हे जहाज आता माणसं नेण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही. माझं, माझ्या मिसेसचं, काकांचं, आणि या दोघींचंही हेच म्हणणं आहे."

एजंट पाणी पीत होता. त्यानं पेला तसाच खाली ठेवला.

"आमचं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "आम्ही असं कधी म्हटलं?"

"बाई, आता तरी मनातलं बोला. तुम्ही काकांना सांगितलंत ना, जहाजाची दैना झालीय म्हणून? गालिच्यात पाय अडकला तेव्हा तर तुम्ही..." टाइल्सवाला जरा अडखळला. "म्हणजे, जे काही म्हणालात ते."

"मी काही म्हणाले नाही. पाय अडकलाच नाही माझा. उलट तुम्हीच एजंटसाहेबांना म्हणालात की असं लाकूड पैसे मोजून मिळत नाही. कठड्यापाशी उभं राहून डोळे पुसत होतात म्हणे."

"मी? डोळे?" टाइल्सवाल्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान हलवली. "मी लग्नातही रडलो नाही हो बाई! रडायला हवं होतं तरी."

आणि मग चौघांनीही माना वळवल्या. मॅनेजरनंही वळवली, कारण सगळे जिकडे बघतात तिकडे बघायची त्याला सवय होती.

"काका," टाइल्सवाला म्हणाला. "हा काय प्रकार आहे?"

चाळीस वर्षांत एजंट असा दोन पार्ट्यांच्या मध्ये उघडा कधी पडला नव्हता. त्याच्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं. "तसं पाहिलं तर दोघांचंही बरोबर आहे," तो म्हणाला. "जहाज जुनं आहे, पण चांगलंही आहे. म्हणजे ज्याची त्याची नजर..."

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज अगदी वर्गातला. "म्हणजे इतके दिवस आम्ही यांच्याशी बोलतच नव्हतो. आम्ही तुमच्याशी बोलत होतो, आणि हेही तुमच्याशीच बोलत होते."

"तुमच्याशीच," धाकट्या बाई म्हणाल्या, पण या वेळी हळू आवाजात.

"माझ्या तोंडी वाक्यं घालायला मी काय कळसूत्री बाहुला आहे?" टाइल्सवाला म्हणाला. "आणि मी मूर्खासारखा रोज यांच्या खुर्च्या ओढतोय!"

टाइल्सवाल्याची बायको इतका वेळ गप्प होती. तिनं हातातला रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला आणि सरळ एजंटाच्या डोळ्यांत बघून विचारलं, "पण का हो काका? असं का केलंत?"

रागानं नव्हे, खरोखर कळावं म्हणून विचारलं होतं. एजंटाकडे उत्तर होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी टेबल बदलू या म्हणालात ते मी ऐकलं. मला वाटलं, भांडण झालं तर तुम्ही उठून जाल, आणि मग मी पुन्हा एकटा जेवीन. मी या जहाजावर जेवायला आलोय, तुमच्याबरोबर. एवढंच सांगायचं होतं. लहान पोरानं सांगितलं असतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या मनातलं सांगून सांगून त्याला स्वतःच्या मनातलं कुठून सुरू करायचं तेच आठवेना. त्यानं तोंड उघडलं.

"मासा गार होतोय," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. मॅनेजर हात जोडत पुढच्या टेबलाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी एजंट दिवसभर केबिनमध्ये पडून होता. ते उत्तर तो मनातल्या मनात घोकत होता. चारला उठला, दाढी केली, शर्ट घातला. आज सूप यायच्या आतच सांगायचं, त्यानं ठरवलं. माफी मागायची आणि सांगून टाकायचं, मग त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. पाच ताटं मांडलेली होती. हॉल भरला, पाव आले, शेजारच्या टेबलांवर सूप आलं. आपल्या टेबलावर कुणी आलं नाही. त्याला वाटलं, कुणाला तरी बोट लागली असेल. मग वाटलं, वेळ बदलली असेल. शेवटी वेटर येऊन जवळ वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सर, त्या चौघांनी खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं. चौघांचं रिकामं होतं तिथे."

"चौघांनी? एकत्र?"

"हो सर."

एजंटानं मान वळवली. खिडकीशी चौघंही बसली होती, दोघी बहिणी एका बाजूला, नवरा-बायको समोर. आणि भांडत होती. कसलं भांडण! टाइल्सवाला टेबलावर मूठ आपटत होता. मोठ्या बाई त्याच्या नाकासमोर बोट नाचवत होत्या. त्यानं मोबाइलवर काहीतरी फोटो दाखवला, त्यांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि तिरस्कारानं परत केला. धाकट्या बाई चक्क स्वतःचं, अख्खं वाक्य बोलल्या, आणि ते टाइल्सवाल्याच्या बाजूचं असावं, कारण मोठ्या बाई अवाक होऊन बहिणीकडे बघत राहिल्या. मग टाइल्सवाल्याची ती अबोल बायको हसायला लागली, तोंडावर रुमाल धरून, खांदे हलेपर्यंत, आणि तिच्यामागोमाग बाकीचे तिघंही.

एजंट बघत राहिला. ज्या भांडणाला तो इतके दिवस जिवाच्या आकांतानं अडवत होता, त्या भांडणावर ती चौघं मजेत जेवत होती. त्यानं न अडवता पहिल्याच रात्री होऊ दिलं असतं, तर कदाचित पाचवी खुर्चीही त्यात असती. हे कळलं तेव्हा त्याला इतकं एकटं वाटलं, की घरी ओट्यापाशीही कधी तेवढं वाटलं नव्हतं.

पण उत्तर घोकलेलं होतं. तो उठला आणि टेबलांमधून वाट काढत खिडकीपाशी गेला.

त्याला पाहताच भांडण थांबलं. चौघांच्याही चेहऱ्यांवर एकदम सभ्यपणा आला. घर बघायला अनोळखी माणूस आत शिरला की घरातल्यांच्या चेहऱ्यावर येतो तसा.

"या काका," टाइल्सवाला म्हणाला. तो रागावलेला नव्हता, हेच वाईट. "जेवलात?"

"जेवतोय," एजंट म्हणाला. "म्हणजे जेवणार आहे. मला एक सांगायचं होतं."

"सांगा ना," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कालचं मनावर घेऊ नका. माझं चुकलं."

"छे, ते केव्हाच सोडून दिलं आम्ही," टाइल्सवाला म्हणाला. "उलट बरं झालं, आमची ओळख झाली. बाई तर काय जबरदस्त भांडतात हो! ते राहू दे, तुम्ही आता एकदा खरं सांगा. अधलं-मधलं नाही. जहाज चांगलं का वाईट?"

चौघंही त्याच्याकडे बघत होती. खरोखर उत्सुकतेनं बघत होती. या वेळी एजंटाला शब्द सापडले.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "फार चांगलं आहे. घरी मी एकटा उभ्यानं जेवतो. या जहाजावर टेबल ठरवून देतात, रोज तीच माणसं समोर असतात. दुसरीकडे कुठेच आता असं करत नाहीत. म्हणून मला हे जहाज फार आवडलं. मनापासून सांगतोय."

टाइल्सवाल्याची बायको त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या तोंडून काही निघेल असं वाटलं. पण त्याआधीच टाइल्सवाल्यानं मोठ्या बाईंना डोळा मारला.

"घ्या बाई! आज तुमच्या पार्टीत गेले. उद्या सकाळी डेकवर मला वेगळं सांगतील!"

टेबलावर एकच हशा पिकला. मोठ्या बाईही हसल्या, धाकट्या बाईही, आणि त्या हसण्यात खरंच काही वाईट नव्हतं. गुणी माणसाच्या खोडीला हसावं तसं ते प्रेमाचंच हसणं होतं. "तुम्ही म्हणजे कमाल आहात हं, एजंटसाहेब," मोठ्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मनापासून सांगतोय म्हणे!"

एजंटही हसला. दुसरं काय करणार? त्यानं हात जोडले, "चालू द्या, चालू द्या तुमचं," म्हणाला, आणि आला होता त्याच वाटेनं परत निघाला. तो दोन टेबलं ओलांडतो न ओलांडतो तोच पाठीमागे बाथरूमच्या फटींवरून पुन्हा जोरात सुरुवात झाली.

हॉलच्या मधोमध त्याचं टेबल होतं. तो नसताना वेटरनं चार ताटं, चार पेले आणि सगळे चमचे उचलून नेले होते आणि त्याचं एकट्याचं ताट सरकवून बरोबर मध्यावर आणून ठेवलं होतं. एजंट बसला. वेटरनं सूप वाढलं आणि आपल्या हुशारीवर खूश होत म्हणाला, "सर, बाकीचं सगळं काढून टाकलं. म्हटलं, तुम्हाला जरा ऐसपैस बसता येईल."

"बरं केलंस," एजंट म्हणाला.